तांबड्याबरोबर कडू होणारी आयपीए आणि पुठ्ठ्यासारखी लागणारी व्हीट: चूक मालाची की आपली?

रंकाळा_वेस

मंडळी, नेहमीच्या लागरमधून बाहेर पडून क्राफ्ट बिअर नीट समजून घ्यायची आहे. चार प्रकार आणले: पिल्सनर (फिकी, कुरकुरीत लागर), व्हीट (गव्हाची), आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स नावाच्या कडू फुलांची चव जास्त असलेली) आणि स्टाउट (काळी). सगळे ५०० मिलिचे कॅन. अडचणी तीन.

व्हीटला केळं, लवंग, संत्र्याची साल असा वास येतो म्हणतात. इथं ओला पुठ्ठा. आयपीए नुसती बरी लागते, पण तांबड्या रश्श्याचा घोट घेऊन वर प्यायली की घशात जाळ आणि जिभेवर कडुलिंब. स्टाउट फ्रीजमधून काढून थेट ओतली तर करपलेल्या पाण्यागत.

येत्या रविवारी चौघं बसणार आहोत. जेवण ठरलेलं आहे, त्यात बदल नाही: अळणी, तांबडा-पांढरा, सुक्कं मटण, भाकरी. क्रम, तापमान, ग्लास, माप, सगळं आकड्यांत सांगा. "आपापल्या आवडीवर आहे" हे उत्तर कृपया नको.

बॅच_नंबर

पुठ्ठा म्हणजे बिअर शिळी. त्यात तुमची चूक एवढीच, की कॅन उलटा करून तळ बघितला नाही. ब्रँडचं नाव नंतर वाचायचं, आधी पॅकिंगची तारीख. बहुतेक कॅनवर ती तळाला शाईच्या ठिपक्यांत असते, बाटलीवर लेबलच्या कडेला किंवा मानेवर. "बेस्ट बिफोर सहा महिने" म्हणजे सहा महिने चव तशीच राहील असं नव्हे. बिअर पिऊन आजारी पडणार नाही, पण वास त्याआधीच गेलेला असतो.

ब्रुअरीवाले एक ठोकताळा वापरतात, ३-३०-३००. ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, या तिन्हीत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. आता एप्रिल-मेमधलं कोल्हापूर डोळ्यांसमोर आणा. पत्र्याचं छप्पर असलेल्या गोदामात पेट्या आठवडाभर पडून राहिल्या, तर पुढं दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही. गेलेला वास थंडीनं परत येत नाही.

पुठ्ठ्याचा वास कशानं येतो? कॅन भरताना राहिलेली थोडी हवा आणि पुढची उष्णता. ऑक्सिडेशन होऊन ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग वर येतं आणि नाकाला ते अगदी थोडंही कळतं. व्हीटमधला केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट. यीस्टनं तयार केलेलं हे एस्टर (फळासारखा वास देणारं संयुग) साठवणीत हळूहळू तुटत जातं. म्हणजे एकीकडं केळं जातं आणि दुसरीकडं पुठ्ठा येतो. तुमच्या कॅनमध्ये नेमकं हेच झालंय.

खरेदीचे माझे आकडे असे. आयपीए, त्यातही गढूळ हेझी प्रकार, पॅकिंगपासून ६ आठवड्यांच्या आतला. व्हीट २ ते ३ महिन्यांच्या आतली. पिल्सनर ३ महिने. स्टाउट आणि बाकीच्या काळ्या बिअरना ५-६ महिने चालतात, कारण भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) चव बरंच काही झाकून नेते. गिऱ्हाईक कमी असलेल्या शॉपीत आयपीए घ्यायचीच नाही, तिथं ती कपाटाची शोभा असते.

आणि हो, बाटली घेणार असाल तर हिरवी किंवा पांढरी काच टाळा. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि गंधकाचा घाण वास येतो. दुकानाच्या दर्शनी फ्रीजमध्ये ट्यूबलाइटला चिकटून उभी असलेली हिरवी बाटली म्हणजे विषयच संपला. तपकिरी काच बरीच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो.

रंकाळा_वेस

तळ बघितला. व्हीट ५ महिन्यांपूर्वीची निघाली. आयपीए मात्र महिन्याची आहे, म्हणजे ती ताजी. मग तांबड्याबरोबर ती अशी का वागते?

अळणी_आधी

कारण तांबड्याला आयपीए हवीच कशाला, भावा?

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरवर (जाणीव टिपणाऱ्या ग्राहकावर) बसतं, तोच रिसेप्टर उष्णताही ओळखतो. एरवी तो साधारण ४२ अंशांना "भाजलं" म्हणून ओरडतो. अल्कोहोलमुळं त्याची पातळी ३४ च्या आसपास खाली येते, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच तो ओरडायला लागतो. त्यावर बुडबुड्यांची चुरचुर. ती कार्बोनिक अॅसिडची असते आणि तोंडातल्या त्याच वेदनेच्या मज्जातंतूला टोचते. त्यावर ४०-७० आयबीयूचा (आयबीयू म्हणजे बिअरच्या कडूपणाचं माप) हॉप्सचा कडूपणा. कांदा-लसूण चटणीचा जाळ, वर अल्कोहोल, वर बुडबुडे, वर कडू. चौघं एकाच बाजूनं ढकलताहेत, तर गाडी कुठं जाणार?

"बिअरनं तिखट धुऊन जातं" हेही खोटं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण ५ टक्क्यांचा घोट त्याला कमी पडतो. धुतं ते स्निग्ध पदार्थ आणि दुधातलं केसीन. म्हणून तर ताटात तांबड्याशेजारी पांढरा असतो. नारळाचं दूध, काजू, खसखस. हा अग्निशामक बंब आपल्या आज्यांनी कुठलाही रिसेप्टर न वाचता बसवून ठेवलाय.

तांबड्याला बिअर हवी कमी कडू, थोडी गव्हाळ-गोडसर आणि ५ टक्क्यांच्या आत. जर्मन पद्धतीची गव्हाची हेफेवाइत्सेन (८-१५ आयबीयू) किंवा बेल्जियन पद्धतीची विटबिअर (८-२०). नाहीतर माल्टची गोडी असलेली अंबर लागर. पांढऱ्याला विटबिअर फारच छान जाते, कारण तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते आणि पांढऱ्याच्या जाडसरपणाला तेवढी धार लागतेच. सुक्क्याला काळी द्या. भाजलेलं सुकं खोबरं आणि भाजलेला माल्ट हे एकाच तव्यावरचे नातेवाईक. पोर्टर, ब्राउन एल किंवा म्युनिक पद्धतीची गडद लागर, डुंकेल. कोरडी आयरिश स्टाउटही चालेल, पण सुक्कं फार तिखट असेल तर तिची करपट कडवट बाजू वर येते. अळणीला पिल्सनर. मिठाचं साधं मटणाचं पाणी आणि कोरडी कुरकुरीत पिल्सनर, यापेक्षा स्वच्छ जोडी या ताटात दुसरी नाही.

स्ट्राँग बिअर मात्र या जेवणाला अजिबात नको. ७-८ टक्के म्हणजे वरचं सगळं गणित आणखी बिघडतं.

कट_मारके

थोडा विरोध. तिखटावर आयपीए आवडीनं पिणारी माणसं आहेत, आणि ती चुकीची नाहीत. मिरचीची झिणझिणी वाढवायचीच असेल तर आयपीए हे उत्तम साधन आहे. ज्याला मिसळीत वरून आणखी कट लागतो, त्याला हेच आवडणार. पण पहिल्यांदाच आयपीए समजून घेणाऱ्यासाठी नाही, हे मान्य. तिची खरी जागा तळणाजवळ आहे: कांदाभजी, बटाटेवडा, तळलेला बांगडा. तेलकटपणा कडू कापतो आणि कडूपणाची धार तेल बोथट करतं. भज्याशेजारची तळलेली मिरची तेवढी बाजूला ठेवा.

६०_मिलि

आता रविवारचं माप.

क्रम हा सगळ्यांचा वादाचा मुद्दा असतो. पुस्तकी क्रम पिल्सनर, व्हीट, आयपीए, स्टाउट. साधारण हलकी ते जड. पण तुमच्या ताटात तांबडा आहे आणि एकदा तो तोंडात गेला की पुढची १५-२० मिनिटं जिभेला नाजूक काही कळत नाही. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिली फेरी नुसती, जेवणाआधी. दुसरी जेवणाबरोबर.

चार कॅन, चार माणसं. प्रत्येक कॅनमधून प्रत्येकी १२५ मिलि. घरात पेग मेजर असेलच. पहिल्या फेरीत पुस्तकी क्रमानं प्रत्येकाला ६०-६० मिलि, म्हणजे एक लार्ज. उरलेले ६५ मिलि जेवणात वरच्या जोड्यांप्रमाणं: अळणीला पिल्सनर, पांढऱ्या-तांबड्याला व्हीट, सुक्क्याला स्टाउट. आयपीएची दुसरी फेरी जेवणात नको, पहिली फेरी संपल्यावर लगेच कांदाभज्यांबरोबर उरकून टाका. उघडलेला कॅन बर्फाच्या पाण्यात उभा ठेवून तोंडावर वाटी पालथी घातली तर पाऊण तास बुडबुडे टिकतात. तासाच्या वर गेलं की मवाळ होते.

दोन घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि कोरडे चुरमुरे किंवा भाकरीचा पापुद्रा. भडंग नको. लसूण आणि तिखट तेल जिभेवर बसलं की चारही बिअर भडंगाच्याच लागतात.

हिशेब म्हणून सांगतो: ५ टक्क्यांची ५०० मिलि म्हणजे २५ मिलि शुद्ध अल्कोहोल, सुमारे २० ग्रॅम. माणशी एवढंच होतं आणि ते दोन-अडीच तासांत. तरीही गाडी घरीच ठेवा. रक्तात १०० मिलिला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती ओलांडायला फार लागत नाही.

तापमान. घरचा फ्रीज साधारण ४-५ अंशांवर असतो. पिल्सनर तशीच काढून ओता (४-६). व्हीट ५-७, म्हणजे ओतल्यावर तीन-चार मिनिटं थांबा. आयपीए ७-१०. स्टाउट १०-१२, कॅन बाहेर काढून १० मिनिटं आणि ग्लासात आणखी ५-७ मिनिटं. तुमचं "करपलेलं पाणी" इथंच झालंय. ४ अंशांना कॉफी, कोको, टोस्ट हे वास बाहेरच येत नाहीत, जिभेवर फक्त करपटपणा आणि कडू उरतं. अपवाद एकच: ज्या कॅनमध्ये हलवल्यावर प्लास्टिकचा गोळा खडखडतो, ती नायट्रोजनवाली स्टाउट. ती पूर्ण थंड हवी आणि उघडल्या उघडल्या ग्लासात ओतायची, नाहीतर ती साय जमत नाही.

ऐनवेळी थंड करायची असेल तर फ्रीझरपेक्षा बादली बरी. २ किलो बर्फ, तेवढंच पाणी, दोन मुठी जाड मीठ. कॅन गळ्यापर्यंत बुडवून मधूनमधून फिरवत राहा, १५ मिनिटांत पिण्याजोगा होतो. नुसत्या कोरड्या बर्फाच्या तुकड्यांत ठेवला तर दुप्पट वेळ लागतो, कारण तुकड्यांमध्ये हवा असते. फ्रीझरमध्ये ठेवलाच तर मोबाईलला ३० मिनिटांचा गजर लावा. ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांना गोठायला लागते, कॅन फुगतो, फुटतोसुद्धा.

रंकाळा_वेस

दोन फेऱ्यांची कल्पना नाद खुळा. ग्लासचं काय? घरात स्टीलचे आणि ताकाचे काचेचे आहेत.

६०_मिलि

स्टील बाद. रंग दिसत नाही, फेस दिसत नाही. ताकाचा काचेचा ग्लास आकारानं चालेल, पण स्निग्धपणा ही फेसाची शत्रू नंबर एक. ज्या घासणीनं रश्श्याचं पातेलं घासलं तिनं बिअरचा ग्लास घासू नका. नवी स्पंजची घासणी, एक चमचा खाण्याचा सोडा, कोमट पाणी, दोनदा स्वच्छ धुवायचं आणि कापडानं पुसायचं नाही, जाळीवर पालथा घालायचा. ओतण्याआधी एकदा थंड पाण्यातून काढा. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर तिथं तेल किंवा साबण राहिलाय असं समजा. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटागणिक फेसाचं एक कडं भिंतीवर मागं राहतं.

आकार: तोंड थोडं आत वळलेला, २५०-३०० मिलिचा कुठलाही. त्यात ६० मिलि म्हणजे तळाला, आणि तेच हवं. वर वास साठायला जागा राहते. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून पांढरा करायची बारवाली पद्धत विसरा.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरका, अर्धा झाला की सरळ. दोन बोटं फेस येऊ द्या. फेस म्हणजे फसवणूक नव्हे, वास तिथूनच वर येतो. शिवाय फेसात गॅस निघून गेला की पोटातही कमी जातो. गढूळ व्हीटच्या कॅनमध्ये शेवटचे ५० मिलि राहिले की कॅन हलक्या हातानं गोल फिरवा आणि तळाचं यीस्ट सगळ्यांच्या ग्लासांत थोडं थोडं वाटा. त्यासाठी कॅन आदल्या दिवसापासून उभा ठेवलेला असावा, आडवा नाही. आणि कॅनचं झाकण पाण्यानं धुऊन मगच उघडा. गोदामात त्यावरून काय काय गेलंय ते विचारू नका.

धणे_लवंग

चव ओळखायला स्वयंपाकघरच पुरेसं आहे, त्याचं थोडं सांगते.

सहा वाट्या मांडा: न भाजलेले भरडलेले धणे, संत्र्याची ताजी साल (पांढरा भाग काढून), दोन लवंगा ठेचून, पूर्ण पिकलेलं वेलची केळं, कॉफी पावडर आणि उकडलेल्या मक्याचं पाणी. प्रत्येक वाटी झाकून १० मिनिटं ठेवा. बिअर ओतण्याआधी एकेक उघडून वास घ्या, मग ग्लासात तो शोधा. "काहीतरी फळासारखं" याच्या पुढं माणूस पहिल्याच बैठकीत जातो.

विटबिअरमध्ये धणे आणि साल खरोखर घातलेली असते. आपले लंबुळके भारतीय धणे तर परदेशी ब्रुअरसुद्धा मागून घेतात, गोल धण्यापेक्षा त्यांना लिंबूवर्गीय वास जास्त. हेफेवाइत्सेनमध्ये मात्र केळं, लवंग यांतलं काहीही घातलेलं नसतं, दोन्ही वास यीस्ट बनवतं. दोन्हींना दुकानात सरसकट "व्हीट" म्हणतात, म्हणून लोक विटबिअरमध्ये केळं शोधत बसतात. कॅनवर धणे आणि साल लिहिलेली असेल तर विट. नुसतं पाणी, गहू, बार्ली, हॉप्स, यीस्ट असेल तर हेफे असण्याची शक्यता जास्त.

मक्याच्या पाण्याचा वास पिल्सनरमध्ये अगदी पुसट चालतो, भरपूर आला तर दोष. लोण्याचा वास (डायअॅसिटिल) किंवा हिरव्या सफरचंदाचा वास (अॅसिटाल्डिहाइड) आला तर बिअर पुरती पिकू न देता घाईनं काढलेली असते. ते दुकानदाराचं पाप नव्हे, बनवणाऱ्याचं.

एक प्रयोग फुकटात होतो. पिल्सनर दोन ग्लासांत ४०-४० मिलि ओता, एक कपाटात, एक गच्चीवर दुपारच्या थेट उन्हात १० मिनिटं. दोन्ही शेजारी आणून हुंगा. वर हिरव्या बाटलीबद्दल जे लिहिलंय ते परत सांगायची गरज पडणार नाही.

उसाचा_फड

आपल्या गुळाची बिअर कुणी करतं का? गोड लागत असेल तर माझ्यासारख्याला चालेल.

धणे_लवंग

गूळ घातलेली बिअर गोड लागत नाही, उलट जास्त कोरडी लागते. गुळातली साखर जवळपास पूर्ण सुक्रोज आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज, यीस्ट ती सगळी खाऊन टाकतं. माल्टमधल्या काही मोठ्या साखरा त्याला पचत नाहीत, बिअरची गोडी आणि जाडी त्यांचीच. बेल्जियमची ट्रिपेल ८-९ टक्के असून हलकी का लागते? तिच्यात साखर घातलेली असते म्हणून. गुळाचा मागं उरतो तो वास, काकवीचा आणि किंचित खारट. गोडसर हवी असेल तर "मिल्क स्टाउट" शोधा. तिच्यात दुधातली साखर, लॅक्टोज, असते आणि बिअरचं यीस्ट तिला हात लावत नाही. दूध पचत नसेल त्यानं जपून.

उसाचा_फड

मग घरीच किट आणून...

बॅच_नंबर

नाही. परवान्याशिवाय बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, कितीही कमी बनवली तरी. तसंच निपाणीहून किंवा गोव्याहून "स्वस्तात चार कॅन" डिकीत टाकून आणू नका. दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी असलेली दारू इकडं विनापरवाना आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा, आणि आंबोलीकडून या नाहीतर बांद्याकडून, तपासणी असतेच. गोव्याची बिअर गोव्यात प्यावी, तिथं ती ताजीही असते. वय २१ पूर्ण आणि पिण्याचा परवाना, हे दोन्ही इथं लागतं.

ताजी नळाची प्यायची तर पुणं जवळ, २३० किलोमीटर. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, तिथंच २००९ मध्ये सुरू झाली. आता बऱ्याच आहेत. बसल्यावर थेट पाइंट मागवू नका, आधी सॅम्पलर मागा, छोट्या ग्लासांत चार-सहा प्रकार येतात. "केग (बिअरचं पिंप) कधी लावलाय?" हे जरूर विचारा. ग्राउलरमध्ये (घरी न्यायच्या मोठ्या बाटलीत) भरून मिळत असेल तरी कोल्हापूरपर्यंत आणायच्या फंदात बर्फाची पेटी नसेल तर पडू नका. न गाळलेली जिवंत बिअर आहे, थंड ठेवून दोन दिवसांत संपवायची, उघडल्यावर त्याच रात्री.

रंकाळा_वेस

सगळं लिहून घेतलं. व्हीट नवीन तारखेची आणतो. पण त्या ५ महिन्यांच्या जुन्या व्हीटचे अजून दोन कॅन आहेत. ओतून देऊ?

कट_मारके

ओतू नका, आयपीएबरोबरच्या भज्यांत घाला. २०० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, मीठ, ओवा, हळद, चिमूटभर तिखट. त्यात फ्रीजमधून काढलेली थंडगार व्हीट २२० ते २५० मिलि, एकदम नाही, थोडी थोडी. पीठ चमच्यावरून जाड धारेत पडलं पाहिजे. फेटत बसू नका, बुडबुडे पिठातच राहायला हवेत, आणि कालवलं की ५ मिनिटांत तळायला घ्या. सोडा घालायचा नाही. तेल १७५-१८० अंश, म्हणजे पिठाचा थेंब टाकला तर तळाला जाऊन लगेच वर आला पाहिजे. पुठ्ठ्याचा वास तळणात कळत नाही. जुनी आयपीए मात्र यात चालणार नाही, कडूपणा भज्यात तसाच राहतो.